लांबच्या प्रवासासाठी बाइक सजवताना

● सीट : दुकानात मऊ लागणारा फोम तासाभरात दबतो आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. रुंद, घट्ट फोम निवडा.

● उंची : यामाहा एफजेआर १३०० ए या बाइकची मूळ सीट ८०५ किंवा ८२५ मिमीवर बसवता येते. बदली सीटवर पाय नीट टेकतात का, ते पाहा.

● हँडल : रायझरने मनगटांवरचा भार कमी होतो. मात्र हँडल पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे तपासा.

● काच : उंच काच छातीवरचा वारा अडवते, पण कड चुकीच्या उंचीवर आली, तर हेल्मेटभोवती वारा घोंघावतो.

● सामान : जड वस्तू साइड बॉक्समध्ये, दोन्हीकडे समान. टॉप बॉक्स हलकाच ठेवा.

खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर तो सीटवर करा.