परतीची तारीख आणि ‘वीरधवल’

मराठी कादंबरीला अद्भुताचा नाद जुना. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. पण वाचनालयातून आणून रात्र जागवावी ती नाथमाधवांची ‘वीरधवल’! नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). शिकारीच्या वेळी उंचावरून पडून ते अपंग झाले आणि अंथरुणाला खिळल्यावर लेखणीकडे वळले.

अशी जाडजूड कादंबरी वाचकाला सोडत नाही, कारण प्रकरण ऐन संकटात तुटते. बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावात सुरूच्या सावलीत उघडलेले पुस्तक दिवेलागणीलाही मिटवत नाही. मधेच शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीतला परतीच्या तारखेचा शिक्का दिसतो, मग वाचनाला आणखी वेग येतो.

असे शिक्के मारणारी वाचनालयेही जुनी. बोर्डी २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. त्या ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आहे.