विंडोजवरून लिनक्सकडे जाताना : सवय कोणती, आणि फाइल कोणाची?



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, विंडोज टेन बंद झालं म्हणतात. माझा लॅपटॉप तं चांगला चालून राहिला. फेकून देऊ काय?" व्याख्यान होतं कार्यकारणभावावर आणि प्रश्न आला लॅपटॉपचा! पण मला तो आवडला, कारण वर्गात तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं, म्हणजे मी, उतारवयात हा उद्योग करून पाहिलेला आहे. तेव्हा आज तेच सांगतो. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, जिथून ऐकत असाल तिथे असा एखादा चांगला पण 'बाद' ठरलेला लॅपटॉप घरात असेलच.

आधी वस्तुस्थिती. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे मशीन बंद पडत नाही. सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला येत होत्या, त्या यायच्या थांबतात. काही मुदतवाढीची सोय आहे, पण ती मुदतवाढच. बरं, विंडोज ११ टाकायला जावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. २०१५-१६ चा लॅपटॉप या यादीत बसत नाही. त्याचा पडदा ठीक, कीबोर्ड ठीक, आणि तरी तो बाद. अशा मशीनवर लिनक्स उत्तम चालतं.

आता लिनक्स म्हणजे नेमकं काय? इथे मला 'मिलिंदपन्ह' आठवतो. राजा मिलिंद रथात बसून आला, आणि नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? लिनक्सचं तसंच आहे. काटेकोर बोलायचं तर लिनक्स हा फक्त गाभा आहे, ज्याला कर्नल म्हणतात, जो यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसून काम वाटून देतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. बाकीची बरीच अवजारं रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. खिडक्या, मेनू, ब्राउझर आणखी तिसऱ्यांनी केले. हे सगळं जुळवून जो तयार रथ आपल्याला मिळतो, त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात: उबंटू, फेडोरा, डेबियन, मिंट. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकचं नाव संगणकाशी जोडलेलं असतं. त्या सी-डॅकनंही 'बॉस' नावाचं एक डिस्ट्रिब्युशन काढलेलं आहे. आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात काय आहे? लिनक्सच. तेव्हा परकं-परकं म्हणतो ते इतकं परकं नाही.

नवशिक्यानं कोणता रथ घ्यावा यावर तरुण मंडळी तासन् तास भांडतात. मी मिंट घेतलं, कारण त्याचा मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असतो. बस्स, एवढंच कारण. या वयात हात जिथे जातो तिथे वस्तू सापडली पाहिजे.

आणि इथेच पहिला धडा मिळाला. आपण म्हणतो, "मला कॉम्प्युटर येतो." येतं काय? मला येत होती ती कॉम्प्युटरची समज नव्हती, बोटांची वळणं होती. डेव्हिड ह्यूम सांगून गेला आहे की आपण ज्याला ज्ञान समजतो त्यातलं बरंचसं सवयीचं असतं. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण पटलं कधी, तर 'सी ड्राइव्ह' आणि 'डी ड्राइव्ह' दिसेनासे झाले तेव्हा! लिनक्समध्ये ड्राइव्हची अक्षरं नाहीत. सगळ्या फाइलींचं एकच झाड, त्याचं मूळ वर आणि फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ डोळ्यासमोर आणा, म्हणजे झालं. तुमचं सगळं सामान 'होम' नावाच्या फांदीवर असतं. पेन ड्राइव्ह लावला की तोही त्याच झाडाला नवी फांदी फुटावी तसा जोडला जातो. एकदा हे कळलं की मग 'माझा डी ड्राइव्ह कुठे गेला' हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी सवय सोडावी लागते ती कुठल्याही वेबसाइटवरून प्रोग्राम उतरवून घ्यायची. इथे सॉफ्टवेअर मॅनेजर नावाचं एक दुकान असतं. तिथून घ्यायचं, पासवर्ड द्यायचा. पासवर्ड वारंवार मागतो म्हणून चिडू नका. रोजचं काम करणारा तुम्ही आणि यंत्रणा बदलणारा तुम्ही, या दोघांना तो मुद्दाम वेगळं ठेवतो.

पण आज मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच.

माझी टिपणं, व्याख्यानं, काही लेख, असा वीस-बावीस वर्षांचा मजकूर मी इथल्याच एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता. लग्नपत्रिका करायचा तो, आणि मधल्या वेळात माझा कांट. त्या सगळ्या फाइली मी नव्या लिनक्सवर उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. एकही मराठी शब्द नाही. मी लिनक्सला शिव्या दिल्या. मग त्या डीटीपीवाल्याला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, हे पहिल्यापासूनच इंग्रजी आहे. फाँटनं मराठी दाखवून राहिलं होतं."

मंडळी, मी थक्क झालो. गोष्ट अशी आहे. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये संगणक साठवत होता इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक; फाँट फक्त त्या क्रमांकावर 'क'चं चित्र रंगवत होता. फाँट काढला की चित्र गेलं. म्हणजे माझ्या फाइलीत मराठी कधी नव्हतीच, मराठीचा आभास होता. शंकराचार्यांच्या दोरी-सापाचं उदाहरण मी किती वेळा दिलं असेल! तेव्हा माझ्याच कपाटात तो साप वेटोळं घालून बसला होता.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा, जगभर एकच असा क्रमांक आहे. फाँट कोणताही असो, 'क' तो 'क'च. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे आपलं मानकही १९९१ चं. लिनक्सचा जन्मही त्याच वर्षी. आपण मात्र त्यानंतर वीस वर्षं चित्रांच्या मराठीत लिहीत राहिलो.

जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम मिळतात. पण ते चालवून निर्धास्त होऊ नका. का ते सांगतो. जुन्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमानं टाइप होत. 'कि' लिहायचा तर आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम आहे: आधी क, मग वेलांटी. रफाराचं तर उलटंपालटंच. 'तर्क' शब्दात र चा उच्चार क च्या आधी आहे, युनिकोडही तो आधीच साठवतो. पण जुन्या पद्धतीत क टाइप करून वर रफार चढवायचा. बदलताना चूक झाली की 'तर्क'चा 'तकर्' होतो. माझ्या एका लेखात तर्कशास्त्राचं 'तकर्शास्त्र' चाळीस ठिकाणी झालं होतं. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र तर हमखास बिघडतो. म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची, आणि बदललेला मजकूर डोळ्यांत तेल घालून वाचायचा. दुसरा मार्ग नाही.

नवीन लिहायचं ते मात्र सुरुवातीपासूनच युनिकोडमध्ये. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून घ्या. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी 'के'च्या कळीवर क, शिफ्ट दाबून ख. 'जे'वर र, आणि शिफ्ट दाबून मराठीतला तो ऱ. मला तीन आठवडे लागले, रोज अर्धा तास. हेच इनस्क्रिप्ट विंडोजवरही चालतं, त्यामुळे लिनक्स नाही जमलं तरी ही मेहनत फुकट जात नाही. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' किंवा रेड हॅटनं दिलेला 'लोहित' वापरा. दोन्ही मोफत आणि मुक्त आहेत.

आता कोणी करू नये तेही सांगतो. दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील, तर ते लिनक्सवर सरळ चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन लावून सरकारी कामं करत असाल, तर घाई करू नका. काही जुने प्रिंटर हट्टी असतात; माझा एक अजून रुसलेला आहे, नातवानंही हात टेकले. अशांनी दोन्ही यंत्रणा शेजारी-शेजारी ठेवाव्यात, तेही शक्य असतं.

आणि हो, टाकण्याआधी चाखून पाहा. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाईल, लग्नाचे फोटो असतील तर आधी काढून ठेवा. दुसऱ्या कोणाच्या मशीनवरून मिंटची फाइल उतरवून रूफस नावाच्या प्रोग्रामनं ती पेन ड्राइव्हवर लिहा. फाइल जवळजवळ तीन जीबीची आहे, मोबाइलच्या डेटावर बसू नका. लॅपटॉप सुरू करताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप, कंपनीनुसार जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून चालू करा. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खं लिनक्स समोर येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, पाहा. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं. मात्र पुढे खरोखर टाकायला घ्याल तेव्हा एका ठिकाणी तो डिस्क पुसू का असं विचारतो. तिथे थांबा. सगळा मजकूर दुसरीकडे उतरवून झाला का, हे दोनदा तपासा, मगच पुढे.

माझं सध्या २००४ सालचं टिपण सुरू आहे, सांख्यांवरचं. 'प्रकृती' बरोबर उतरली, 'पुरुष'ही ठीक. 'सत्कार्यवाद' मात्र दर पानावर वेगळा दिसतो. आता कोणाच्या लॅपटॉपवर वायफायचं चिन्ह दिसत नसेल, त्यांनी मॉडेलचं नाव चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा, तिथून सुरू करू.