वीरांची मंडळे आणि कामाचा मोबदला

शाळेतल्या मुलांच्या दप्तरांवर आणि सदऱ्यांवर हल्ली काही परदेशी वीरांची चित्रे दिसतात. अंगाला घट्ट बसणारा रंगीत पोशाख, तोंडावर मुखवटा, पाठीवर वाऱ्यावर उडणारे वस्त्र. मुलांना त्यांची नावे तोंडपाठ असतात. हे वीर चित्रपटात आले, भ्रमणध्वनीवर आले. पण त्यांचा जन्म झाला तो स्वस्त कागदावर छापलेल्या चित्रकथांत, म्हणजे कॉमिक्समध्ये. त्यांतले पुष्कळजण एकटे नसतात, त्यांची मंडळे असतात. या मंडळांच्या ऐंशीपंचाऐंशी वर्षांच्या कथा ओळीने पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. सुरुवातीला ही मंडळी दुसऱ्यासाठी धावून जात. पुढेपुढे पैसा, प्रसिद्धी आणि मालक यांच्यासाठी धावू लागली. असे का झाले? आणि त्यातून आपल्याला, विशेषतः शिक्षकांना, काय घेण्यासारखे आहे?

प्रश्न परदेशी वाटला तरी तो आपल्या ओळखीचा आहे. 'इर्जिक' हा शब्द जुन्या शेतकऱ्यांना सांगायला नको. एखाद्याची नांगरट अडली की गावातले लोक आपापली औते घेऊन त्याच्या शेतावर जात, दिवसभर राबत आणि मजुरी घेत नसत. मालक त्यांना पोटभर जेवू घाली. ट्रॅक्टर आल्यापासून ही चाल मागे पडली. आता मला सांगा, त्या मंडळींनी जेवण घेतले म्हणून ती स्वार्थी ठरली का? नाही. पण ज्याच्या घरी जेवण चांगले त्याच्याच शेतावर जायचे आणि गरिबाची नांगरट तशीच पडू द्यायची, असे त्यांनी ठरवले असते तर? मग नाव इर्जिकीचेच राहिले असते, काम मात्र दुसरेच झाले असते. ही फूटपट्टी हाती ठेवून आपण या वीरांकडे पाहू.

अमेरिकेत १९३८ साली 'सुपरमॅन' छापून आला आणि त्याच्या मागोमाग असे अनेक वीर निघाले. त्यांतल्या काहींना एकत्र आणून १९४० च्या अखेरीस 'जस्टिस सोसायटी' हे पहिले मंडळ उभे राहिले. त्याला आपण न्यायमंडळ म्हणू. युरोपात तेव्हा महायुद्ध पेटले होते. हे वीर हेरांना पकडत, आणि १९४१ सालच्या एका कथेत तर त्यांनी युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी दहा लक्ष डॉलर जमवले. त्यांना खायला कोण घालते, घरभाडे कोण भरते, हे कोणी विचारत नसे. कथा मुलांसाठी होत्या, आणि मुले वीराच्या चुलीकडे पाहत नाहीत. पुढे १९५४ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. प्रत्येक कथेत सज्जनाचाच जय झाला पाहिजे, असे तीत होते. त्यामुळे वीराचा हेतू निर्मळच असायचा, हे जणू कलमाने ठरून गेले.

पहिली चीर पडली ती १९६१ मध्ये निघालेल्या 'फँटास्टिक फोर' या चौकडीमुळे. अवकाशप्रवासात किरणांचा मारा होऊन या चौघांना अद्भुत शक्ती मिळते. पण ते आपापसांत भांडतात, रुसतात, अगदी एखाद्या एकत्र कुटुंबासारखे. १९६२ सालच्या त्यांच्या नवव्या अंकात चौकडीचा प्रमुख शेअरबाजारात पैसे गमावतो आणि मंडळाचे दिवाळे निघते. देणी भागवायला हे जगाचे रक्षणकर्ते चित्रपटात काम करायला निघतात, आणि ते बोलावणे त्यांच्या शत्रूनेच पाठवलेले असते! वाचकांना गंमत वाटली, पण त्याबरोबर एक सत्यही पुढे आले. सेवेला खर्च येतो. खर्च आला की कोणाच्या तरी दारात जावे लागते, आणि ते दार कोणाचे आहे याला महत्त्व येते.

दुसरी पायरी १९७२ सालची. लूक केज नावाचा एक काळा तरुण, न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात पडलेला. तिथल्या एका प्रयोगात त्याची कातडी पोलादासारखी होते. सुटल्यावर तो सरळ पाटी लावतो : वीर भाड्याने मिळेल. १९७३ मधल्या एका कथेत एक परदेशी हुकूमशहा त्याच्याकडून काम करून घेतो आणि पैसे बुडवतो. केज त्याच्या देशात जाऊन धडकतो, कशासाठी? ठरलेल्या २०० डॉलरांसाठी! पुढे १९७८ मध्ये एका श्रीमंत जोडीदाराबरोबर त्याने याचा रीतसर व्यवसायच मांडला.

पुष्कळांना वाटते की इथेच वीर बिघडला. मला तसे वाटत नाही. आधीचे कितीतरी वीर गर्भश्रीमंत होते, त्यांना फुकट लढणे परवडत होते. केजला खोलीचे भाडे द्यायचे होते. शिवाय ज्याच्यापाशी द्यायला काही नाही त्याच्यासाठीही तो लढतोच. गुरुजी पगार घेतात म्हणून शिकवणे हा काही स्वार्थ होत नाही. रात्री दोन वाजता बाळंतिणीपाशी जाणाऱ्या परिचारिकेलाही पगार असतो. घामाचा दाम मागणे ही वेगळी गोष्ट, आणि दामासाठी माणूस मोजणे ही वेगळी.

तिसरी पायरी प्रसिद्धीची. १९८६-८७ साली ॲलन मूर हा लेखक आणि डेव्ह गिबन्स हा चित्रकार यांनी 'वॉचमेन' ही बारा अंकांची चित्रकथा केली. तीत 'मिनिटमेन' नावाचे एक जुने मंडळ आहे. त्यातल्या एका वीराला चक्क एका बँकेने नोकरीला ठेवलेले असते. त्याचा पोशाखही बँकेची जाहिरात करणाऱ्या माणसांनी आखलेला, फोटोत उठून दिसावा असा. एके दिवशी बँकेवर दरोडा पडतो. तो धावतो, पण पाठीवरचे ते शोभेचे लांब वस्त्र बँकेच्या फिरत्या दारात अडकते, आणि दरोडेखोर त्याला तिथेच गोळी घालतात. फोटोसाठी शिवलेल्या पोशाखाने कामाच्या वेळी माणसाचा जीव घेतला. सत्काराच्या फलकावर मोठा खर्च करून कामाला पैसे न उरलेली मंडळे तुम्ही पाहिली असतील, तर या चित्राचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

चौथी पायरी मालकीची. २००६ ते २०१२ या काळात 'द बॉइज' ही चित्रकथा निघाली. गार्थ एनिस हा तिचा लेखक. तिच्यात सात वीरांचे एक मंडळ आहे, पण ते एका बड्या कंपनीच्या मालकीचे. वीर कुठे दिसावेत, काय बोलावे, कोणाला वाचवावे, हे कंपनी ठरवते. माणूस वाचणे दुय्यम, वाचवल्याचा देखावा मुख्य. या मंडळात स्टारलाइट नावाची एक मुलगी मनापासून सेवा करायला येते, आणि आत शिरल्यावर तिला सगळा कुजका कारभार दिसतो. शिक्षकांना आणि पालकांना इथेच सांगून ठेवतो : ही कथा आणि तिच्यावरून २०१९ पासून निघालेली मालिका प्रौढांसाठी आहे. तीत क्रौर्य आणि ओंगळपणा फार आहे. मुखवटे दिसले म्हणून मुलांच्या हाती देऊ नये.

आता हे का झाले ते पाहू. एक तर वाचक वयाने वाढले. अमेरिकेत व्हिएतनामचे युद्ध झाले, १९७४ साली राष्ट्राध्यक्षाला गैरव्यवहारामुळे पायउतार व्हावे लागले. सत्ता हाती असलेला माणूस चांगलाच असतो, ही भोळी समजूत लोकांत उरली नाही. दुसरे कारण घरातलेच आहे. सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन तरुण. त्यांनी १९३८ साली त्याचे सारे हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकले. प्रकाशकांनी त्यावर अमाप पैसा मिळवला. खूप झगडल्यावर १९७५ साली त्या दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलरांचे निर्वाहवेतन मंजूर झाले. कागदावरचा वीर निःस्वार्थ, आणि तो कागद विकणारा धंदा असा! हे ठाऊक असलेल्या पुढच्या लेखकांनी वीराच्या पाठीशी मालक उभा करून दाखवला, यात नवल कसले?

पण वाट नेहमी उताराचीच असते असे नाही. १९९७ साली 'थंडरबोल्ट्स' नावाचे एक मंडळ निघाले. हे खरे तर वेषांतर केलेले गुन्हेगार. लोकांचा विश्वास मिळवून पुढे घात करायचा, हा त्यांचा डाव. पण लोक कृतज्ञतेने पाहू लागले आणि त्यांतल्या काहींना ते सोंगच खरे करावेसे वाटू लागले.

आणि आपल्या मराठी वाचकांच्या ओळखीचा एक दाखला याहून जुना आहे. मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात 'इंद्रजाल कॉमिक्स' निघत असे, ते मराठीतही मिळे. वेताळ आणि मँड्रेक हे त्यातले परदेशी पाहुणे. १९७६ साली त्यात अस्सल देशी वीर आला, तो बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूरचा बाप दरोडेखोर, पोलिसांच्या हातून मेलेला. मुलगा सुडाची शपथ घेतो. म्हणजे आरंभ अगदी स्वतःच्या दुःखातून झाला. पण बापाने काय केले होते हे कळल्यावर तो सूड सोडतो आणि दरोडेखोरांपासून गावे राखण्यासाठी नागरिकांचे सुरक्षा दल उभे करतो. या दलात उडणारा कोणी नाही, किरण सोडणारा कोणी नाही. साधी माणसे आहेत.

याच सुरतींनी २००७ साली मुंबईजवळच्या मीरा रोडला एक छोटे मंडळ काढले. एक स्वतः, एक नळकारागीर आणि एक स्वयंसेविका. दर रविवारी घरोघर जायचे आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. कारागिराला मात्र त्याची मजुरी द्यायची. त्यासाठी सुरतींनी आपल्याला साहित्याबद्दल मिळालेल्या पुरस्काराची रक्कम वापरली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलखाला या थेंबांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पाहा, इथे मोबदलाही आहे आणि सेवाही आहे. कोणाचे काही बिघडलेले नाही.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुले या वीरांविषयी बोलू लागली तर त्यांना गप्प करू नका. त्यांना विचारा : हे मंडळ कोणाच्या पैशावर चालते? हिशेब कोणाला देते? आणि अडलेल्याजवळ द्यायला काही नसेल, पाहायलाही कोणी नसेल, तर हे तिथे जाईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'जाईल' असे असेल, तर मोबदला खुशाल घेऊ द्या. 'नाही' असेल, तर पोशाख कितीही झगझगीत असो, ती नुसती दुकानदारी समजा.

मुले हुशार असतात. हेच तीन प्रश्न ती उद्या गावातल्या मंडळाला, संस्थेला, क्वचित आपल्यालाही विचारतील. तेव्हा रागावू नये. उत्तर तयार ठेवावे.