राजीनामा आधी की पार्लर?

ऑफिसची नोकरी सोडून ब्यूटी पार्लर काढायचं म्हटलं की सगळा हिशेब खुर्च्या, आरसे आणि गाळ्याच्या डिपॉझिटभोवती फिरतो. खरी मेख राजीनाम्याच्या तारखेत असते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग 5 वर्षं लागतात. वर्षभर आधी निघालात तर ती गेली. कंपनीचा आरोग्यविमाही नोकरीबरोबर संपतो. त्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज केलेला बरा, कारण कोरी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

कागदपत्रांची भीती मात्र उगाचच. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी फुकट होते (एजंट तिचेही पैसे मागतात!). सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

त्रास देतो तो चातुर्मास. लग्नं थांबतात, नवरीच्या मेकअपची कामं आटतात, गाळ्याचं भाडं चालूच राहतं. म्हणून पगार चालू असतानाच शनिवार-रविवारी घरोघरी जाऊन गिऱ्हाईक बांधावं; मात्र नेमणूकपत्रात जोडधंद्याला मनाई नाही ना, हे आधी वाचावं.