मोडलेला दंड आणि नवा खांदा

हदगावकडे काय किंवा आणखी कुठे काय, म्हातारे माणूस न्हाणीत घसरून पडले, की पुष्कळदा दंडाचे हाड खांद्यापाशीच मोडते. तुकडे फारसे हलले नसतील तर झोळी आणि वेळेवर व्यायाम पुरतो. पण सांध्याचा गोळाच फुटला तर?

अशा वेळी कृत्रिम सांधा बसवता येतो. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स नीर यांनी धातूच्या गोळ्याचा अनुभव १९५५ साली प्रसिद्ध केला. त्याने दुखणे कमी होई. पण स्नायू जोडलेले हाडाचे तुकडे सांधले नाहीत, तर हात वर जात नसे. १९८५ साली फ्रान्सचे डॉ. पॉल ग्रामों यांनी उलटा सांधा योजला. फऱ्याला गोळा, दंडाला वाटी! आता हात उचलतो तो खांद्यावरचा मोठा स्नायू. सत्तरीपुढे हाच बहुधा अधिक भरवशाचा.

मग अपेक्षा किती धरावी? घास तोंडी जाईल, बहुतेकांना केसही विंचरता येतील. पाठीमागे हात नेणे मात्र अवघडच. भरलेली घागर उचलू नये. पू होणे, सांधा निखळणे हे धोकेही आहेतच.

म्हणून पडल्यावर चोळू नका. झोळी बांधा, नांदेडला नेऊन क्ष-किरण फोटो काढा आणि शस्त्रक्रिया खरोखरच हवी का, हे आधी विचारा.