ड्रोन उडवण्याआधीची दहा मिनिटं

बचत गटाच्या कितीतरी ताई आता फवारणीचा ड्रोन चालवतात. तो खेळणं नाही, छोटं विमानच आहे. त्याची निगाही तशीच राखायला हवी.

उडवण्याआधी आम्ही दहा मिनिटं राखून ठेवतो. प्रत्येक पातं नीट निरखतो. चीर किंवा टवका दिसला तर पातं बदलतो, चिकटवत नाही. स्क्रू घट्ट आहेत ना, बघतो. फुगलेली बॅटरी वापरत नाही. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावत नाही.

काम संपलं की टाकी, नळ्या आणि नोझल स्वच्छ पाण्यानं तीनदा धुतो. नोझल मऊ ब्रशनं साफ करतो. टाचणी घातली तर भोक मोठं होतं आणि औषध कमी-जास्त पडतं. धुवण विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकत नाही.

कागदपत्रंही तपासा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो आणि चालवणाऱ्या ताईकडे पायलट प्रमाणपत्र लागतं. फ्लाइट कंट्रोलर किंवा रिमोट बदलला, तर सरकारी पोर्टलवरची नोंदही बदलावी लागते. प्रत्येक दुरुस्ती तारखेसह वहीत लिहा.

एकदा ऐन फवारणीच्या दिवशी पात्याला चीर दिसली. दादा म्हणाले, "एवढ्याशानं काय होतंय, ताई?" आम्ही उडवला नाही. दिवसाची कमाई बुडाली. पण पातं हवेत तुटलं असतं, तर बांधावर उभं असलेलं कुणीतरी जखमी झालं असतं. म्हणून सांगतो, शंका आली की ड्रोन खालीच ठेवा.