कलावंतांचा सन्मान आणि प्रादेशिक संगीतवारसा : कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

कोल्हापूरला 'कलापूर' म्हटले जाते. हे विशेषण आपण सभासंमेलनांत, स्मरणिकांत आणि स्वागतपर भाषणांत इतक्या सहजतेने वापरतो की त्यामागील इतिहास तपासून पाहण्याची गरज सहसा वाटत नाही. गडमुडशिंगी परिसरातील पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांना प्रस्तुत अभ्यासकाने एकदा एक साधा प्रश्न विचारला : "गोविंदराव टेंबे कोण होते?" वर्गात सांगवडे, वसगडे, चिंचवाड अशा लगतच्या गावांतील मुले-मुली होती. एकही हात वर झाला नाही. गोविंदराव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी सांगवडे येथे झाला. 'मानापमान' नाटकाला १९११ मध्ये संगीत देणारा, 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका करून त्याचे संगीतही सांभाळणारा हा कलावंत आपल्याच परिसरातला, ही गोष्ट त्या मुलांना प्रथमच कळत होती. दोष त्यांचा नव्हता. ती त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

या अनुभवातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. एखादा प्रदेश आपल्या कलावंतांचा सन्मान करतो म्हणजे नेमके काय करतो? सन्मानाचे कोणते प्रकार कोणती स्मृती जपतात आणि कोणती स्मृती त्यांतून निसटते? या प्रश्नांचा कोल्हापूर परिसराच्या संदर्भात विचार करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

राजाश्रय : वारशाची पार्श्वभूमी

राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२ अशी आहे. या काळात कुस्ती, नाट्य, चित्र आणि संगीत या चारही कलांना आश्रय मिळाला. उस्ताद अल्लादिया खाँ १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारात आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, येथेच राहिले. उनियारा येथे १८५५ मध्ये जन्मलेल्या या गायकाचा आवाज तरुणपणी बिघडला होता. त्या बदललेल्या आवाजाला अनुरूप अशी गायकी त्यांनी नव्याने घडविली. जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून आज जी लक्षणे सांगितली जातात, म्हणजे खुला आकार, लयीशी सतत गुंफलेली स्वरवाक्ये, दीर्घ दमसास आणि अनवट व जोडरागांची आवड, ती याच पुनर्रचनेतून स्थिरावली. घराण्याचे नाव राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील गावांचे असले, तरी त्याची शिष्यशाखा मुख्यतः दक्षिण महाराष्ट्र, मुंबई, गोवा आणि कर्नाटकाच्या सीमाभागात विस्तारली. यामागे कोल्हापूरच्या वास्तव्याचा वाटा मोठा आहे.

खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ व भुर्जी खाँ यांनी हा वारसा पुढे नेला. मंजी खाँ यांच्या १९३७ मधील अकाली निधनानंतर पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी भुर्जी खाँ यांच्याकडे तालीम घेतली. कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी यादेखील भुर्जी खाँ यांच्याच शिष्या होत. मोगूबाई कुर्डीकर सांगलीत असताना त्यांचा रियाज खाँसाहेबांच्या कानी पडला आणि त्यांनी स्वतःहून त्यांना शिकविण्यास आरंभ केला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. म्हणजे हा वारसा केवळ दरबाराच्या चार भिंतींतला नव्हता. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातील गावांमधून तो वाहत होता.

सन्मानाचे तीन प्रकार :

विवेचनाच्या सोयीसाठी कलावंतांच्या सन्मानाचे नामरूप, समारोहरूप आणि परंपरारूप असे तीन प्रकार करता येतात.

१) नामरूप सन्मान : पुतळा, रस्त्याचे नाव, सभागृहाचे नाव, भिंतीवरील फलक यांचा यात समावेश होतो. याचे कोल्हापुरातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या प्रेरणेने खासबाग कुस्ती मैदानालगत उभे राहिलेले 'पॅलेस थिएटर' १९१५ मध्ये खुले झाले आणि १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव देण्यात आले. १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांनी १९०८ मध्ये हुबळी येथे 'ललितकलादर्श' ही नाटकमंडळी स्थापन केली. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसमवेत झालेला त्यांचा 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर ठरला. त्यानंतर तीनच महिन्यांत, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नामरूप सन्मानाचे बळ असे की तो सर्वांसाठी असतो. ज्याने संगीत ऐकलेले नाही, त्याच्याही जिभेवर कलावंताचे नाव राहते. त्याची मर्यादाही तीच आहे. नाव उरते आणि नावामागील माणूस पुसट होत जातो. नाट्यगृहात गेलेल्या किती जणांना केशवरावांचे एखादे पद ठाऊक असते?

२) समारोहरूप सन्मान : पुण्यतिथी किंवा जयंतीनिमित्त होणाऱ्या संगीतसभा हा दुसरा प्रकार होय. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले आणि पं. भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ पासून पुण्यात सुरू झालेला महोत्सव आज देशभर ज्ञात आहे. येथे गुरूचे स्मरण भाषणाने होत नाही, गाण्याने होते. शिष्य गातो तेव्हा गुरूची गायकी श्रोत्यांपर्यंत पोहोचते.

समारोहाचा धोका वेगळा आहे. महोत्सव जसजसा मोठा होतो, तसतसा तो बाहेरून येणाऱ्या नामवंतांचा होत जातो. ज्या मातीतून तो उगवला, तेथील तरुण गायक-वादक श्रोत्यांच्या रांगेतच राहतात.

३) परंपरारूप सन्मान : शिकविणे, ऐकविणे, ध्वनिमुद्रण करणे, आठवणी नोंदविणे हा तिसरा प्रकार होय. येथे कोल्हापूरच्या वारशातील एक विलक्षण वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते आणि ध्वनिमुद्रिकांचे युग त्यापूर्वी चार दशके सुरू झाले होते. तरीही त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचा पुतळा आपण उभारू शकलो. त्यांचा आवाज मात्र आपणास ऐकता येत नाही. तो आवाज कसा होता, याचा अंदाज शिष्यांच्या गाण्यावरून आणि लिखित आठवणींवरूनच करावा लागतो. म्हणूनच नातू अझीझुद्दीन खाँ यांना त्यांनी सांगितलेल्या आत्मकथनाचे, तसेच टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग' यासारख्या ग्रंथाचे मोल केवळ वाङ्मयीन नाही. जेथे ध्वनी नाही, तेथे शब्द हाच पुरावा ठरतो.

याउलट खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे उदाहरण पाहता येईल. त्यांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठविलेल्या सुवर्णतबकडीवर आहे. कोल्हापूरच्या दरबारात रुजलेली गायकी अशा रीतीने पृथ्वीबाहेर गेली. गोव्यातील केरी या त्यांच्या जन्मगावी त्यांच्या नावाची शाळाही आहे. गुरूचा स्वर हरवला आणि शिष्येचा स्वर टिकला, याचे कारण कलेच्या श्रेष्ठतेत नाही. एकाची नोंद झाली नाही आणि दुसरीची झाली, एवढाच त्यात फरक आहे.

अन्य प्रदेशांतील अनुभव :

हा प्रश्न केवळ अभिजात संगीताचा नाही. लंडनमध्ये ब्रुक स्ट्रीटवर अठराव्या शतकातील संगीतकार हँडेल यांचे घर आहे आणि त्याला लागूनच रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचे १९६८-६९ मधील निवासस्थान आहे. १९९७ मध्ये हेंड्रिक्स यांच्या नावाचा निळा फलक तेथे लागला आणि आता दोन्ही घरे एकाच संग्रहालयाचा भाग आहेत. दोन शतकांचे अंतर आणि दोन सर्वस्वी भिन्न संगीतप्रकार, तरीही सन्मानाची भिंत एकच. लिव्हरपूलमधील ज्या तळघरात बीटल्स गात असत तो कॅव्हर्न क्लब १९७३ मध्ये बंद होऊन पाडला गेला आणि १९८४ मध्ये पुन्हा उभारावा लागला. आधी पाडायचे आणि मग हळहळायचे, ही वृत्ती केवळ आपलीच नाही, हे यावरून दिसते. आपल्या देशात शिलाँग येथे लू माजॉ या रॉक गायकाने १९७२ पासून बॉब डिलन यांचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करण्याची प्रथा रुजविली. एका दूरच्या गायकाच्या सन्मानातून त्या शहराला स्वतःची सांगीतिक ओळख दृढ करता आली.

या उदाहरणांतून एक बोध होतो. सन्मान करताना 'उच्च' आणि 'लोकप्रिय' अशी प्रतवारी लावली, तर वारशाचा मोठा भाग नोंदीबाहेर राहतो.

नोंदीबाहेरचा वारसा :

आपल्या परिसरात ही प्रतवारी स्पष्ट दिसते. दरबारी गायक आणि नाट्यगायक यांची नावे इतिहासात आली. पण पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत धनगरी ढोल आणि कैताळ वाजविणारे, रात्र-रात्र ओव्या गाणारे, शाहिराच्या मागे डफ-तुणतुण्याची साथ करणारे, मिरवणुकीतील बँडपथकात क्लॅरिनेट वाजविणारे कलावंत बहुधा निनावीच राहिले. शाहीर पिराजीराव सरनाईक, शाहीर लहरी हैदर यांच्यासारखी नावे टिकली. त्यांच्या साथीदारांची नावे किती जणांना सांगता येतील? मिरजेच्या सतार-तंबोरा बनविणाऱ्या कारागिरांनाही भौगोलिक मानांकनाच्या रूपाने अधिकृत ओळख मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. ज्या तंबोऱ्यावर घराणी उभी राहिली, तो घडविणारे हात एवढा काळ पडद्याआड होते.

आणि जे नोंदले गेले आहे, तेही सुरक्षित नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. त्या रात्री जमलेल्या कलावंतांच्या डोळ्यांतील पाणी सर्वांनी पाहिले. शासनाने पुनर्बांधणी जाहीर केली. वास्तू पुन्हा उभी करता येते, कारण तिची मापे, छायाचित्रे आणि नकाशे असतात. परंतु ओव्या पाठ असलेली एखादी वृद्ध व्यक्ती जाते, तेव्हा तिच्या स्मृतीचा नकाशा कोणाकडेच नसतो.

महाविद्यालयांची भूमिका :

येथे ग्रामीण महाविद्यालयांचे काम सुरू होते. त्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. प्रकल्पलेखनाच्या निमित्ताने प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका गायकाची, वादकाची किंवा वाद्य दुरुस्त करणाऱ्याची मुलाखत घ्यावी. कलावंताचे नाव, गुरू, वाद्य, पाठ असलेल्या रचना, कोणत्या यात्रेत वा कार्यक्रमात वादन होते, मोबदला काय मिळतो, पुढे कोण शिकत आहे, एवढी माहिती मिळाली तरी पुरेशी आहे. आता प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी असल्याने ध्वनिमुद्रण सुलभ झाले आहे. मात्र कलावंताची संमती घ्यावी, ध्वनिफितीवर तारीख आणि गाव नोंदवावे आणि एक प्रत ग्रंथालयात, एक प्रत त्या कलावंताच्या घरी ठेवावी. कलावंताला शाल-श्रीफळ द्यावे. पण त्याआधी त्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे.

निष्कर्ष :

नामरूप सन्मान नाव जपतो, समारोह गाणे जिवंत ठेवतो आणि परंपरेचे जतन पुढील पिढीला ते गाणे गाता येईल याची तजवीज करते. यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. कोल्हापूर परिसराने पहिले दोन प्रकार बऱ्यापैकी सांभाळले. तिसरा प्रकार मात्र घराण्यांच्या निष्ठेवर आणि योगायोगावर सोडला. अल्लादिया खाँ यांचा न नोंदलेला स्वर हा या दुर्लक्षाचा सर्वांत मोठा धडा आहे. 'कलापूर' हे विशेषण पूर्वजांनी कमावले. ते टिकवायचे तर आपल्या वर्गातील मुलांना सांगवड्याच्या टेंब्यांचे नाव माहीत असले पाहिजे आणि शेजारच्या गल्लीत ढोल वाजविणाऱ्या आजोबांचेही. वर्गात पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल तेव्हा काही हात वर व्हावेत, एवढी अपेक्षा वाजवी ठरावी.